खडू नऊ इंच बाहेर

एम.एस्सी.चा निकाल लागल्यापासून आमच्या घराची बेल वाजली की मी दार उघडायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवते. येणारा माणूस चपला काढतो, पाणी पितो, माझ्या मुलीचा, चिनूचा, गाल ओढतो आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, “मग? आता पुढे काय?” पाहुण्यांनी विचारलं, दूधवाल्यानं विचारलं, समोरच्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे घेऊन आलेल्या माणसानंसुद्धा विचारलं. त्याचा काही दोष नाही. माझ्या सासऱ्यांनी निकाल लागल्याबरोबर दारावरच्या पाटीवर माझं नाव पदवीसकट रंगवून घेतलं होतं. ‘सौ. संपदा, एम.एस्सी. (बॉटनी)’ एवढं वाचल्यावर कोणाच्याही मनात पुढचा प्रश्न येणारच.

हा प्रश्न मला येत नाही. चार सेमिस्टरमध्ये तो एकदाही आला नव्हता. शेवटचा पेपर मी आठव्या महिन्यात, बाक पोटापासून हातभर लांब सरकवून दिला, आणि निकाल चिन्मयीच्या बारशाच्या दिवशी हातात पडला. त्यामुळे बारशाला आलेल्या बायकांनी मुलीचं नाव आणि आईचं भवितव्य एका दमात विचारून घेतलं. नाव सांगता आलं.

तशी माझ्यापुढे अंधार होता असंही नाही. वाटा तीन होत्या, आणि त्रास तोच होता.

पहिली वाट बी.एड.ची. ही माझ्या सासूबाईंची, म्हणजे आईंची. त्या आमच्याच भागातल्या, राइट टाऊनमधल्या एका शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. दुपारी दोनला घरी, उन्हाळ्यात सुट्टी, वर्षातून एकदा सहल, याहून अधिक बाईमाणसानं आयुष्याकडून काय मागावं, हे त्यांना खरोखरच कळत नाही. दुसरी वाट बँकेच्या परीक्षेची. ती माझ्या नवऱ्याची. विपुल रेल्वेच्या ऑफिसात आहे आणि त्याच्या मते जगातल्या यच्चयावत प्रश्नांना चार पर्याय असतात, त्यातला एक बरोबर असतो. तिसरी वाट भावनाची. भावना माझी वर्गमैत्रीण, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गढ्याची, माझ्या माहेरच्या गल्लीतली. ती पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत लागली होती आणि तिथे आणखी एक जागा होती. अकरा महिन्यांची, कंत्राटी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला तिलवाऱ्याच्या घाटावर जायचं, नर्मदेचं पाणी बाटल्यांत भरायचं, आणून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातलं शेवाळ मोजायचं. म्हणजे शेवाळाच्या जाती. काही हिरवी, काही निळसर, काही अगदी काचेच्या होडीसारखी, दोन टोकांना निमुळती, आणि ती थांबलेली आहे असं वाटतं तेवढ्यात सरकते. भावनाबरोबर एकदा सहज म्हणून गेले होते, तर तासभर खाली बघत बसले आणि मान धरली. असो.

आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या भेंडी चिरत होत्या. सुरी थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “शेवाळ घासून काढायचं असते, बाई. मोजायचं नसते.”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण आई मोठ्या मनाच्या. त्यांनीच एक दिवस मला समोर बसवून सांगितलं, की चिनूला दोन वर्षं त्या बघतील. मात्र एकच काहीतरी धरायचं. आज हे करून राहिली, उद्या ते करून राहिली, असं चालणार नाही, कारण त्यांचे गुडघे दोन वर्षांच्या वर टिकायचे नाहीत. हे फार योग्य होतं. योग्य होतं म्हणूनच मला त्या दिवसापासून झोप लागेना. कोणी अडवलं असतं तर मी भांडले असते. इथे सगळे दार उघडून उभे होते आणि मी उंबऱ्यावर विचार करत होते की कोणता पाय आधी टाकू.

त्यात तिन्ही ठिकाणची शेवटची तारीख एकच. बी.एड.चा प्रवेश सोमवारपर्यंत, बँकेचा फॉर्म सोमवारपर्यंत, आणि प्रयोगशाळेच्या सरांचा भावनाकरवी निरोप, की सोमवारी दहाच्या आत हो की नाही सांगा, नाहीतर पुढच्या मुलीला फोन लावतो. तीन खात्यांनी आपसात बैठक घेतल्याशिवाय असं होत नाही.

मध्येच समग्रचं झालं. आमच्या मध्य प्रदेशात माणसाला नाव आणि रक्तगट यांखेरीज समग्र आयडी नावाचा एक नंबर लागतो. घरातली सगळी माणसं त्यात एका कुटुंबाखाली बांधलेली असतात. कुठलाही फॉर्म भरायचा तर आधी समग्र. म्हणून मी चिनूला कडेवर घेऊन सचिन भैयांच्या दुकानात गेले. आमच्याकडचे सगळे ऑनलाइन फॉर्म तेच भरतात. त्यांनी नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फार हळुवारपणे म्हणाले, “दीदी, आप तो यहाँ रहती ही नहीं हैं।”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. लग्नाला अडीच वर्षं झाली तरी मी गढ्यातच होते, पप्पांच्या नावाखाली, अविवाहित. चिनू तर कुठेच नव्हती. ती माझ्या खांद्यावर बसून सचिन भैयांच्या माउसकडे हात पसरत होती, पण पुराव्यानिशी पाहिलं तर ती नव्हती.

राइट टाऊनमध्ये यायचं तर आधी गढ्यातून नाव काढायला हवं होतं. पप्पांना फोन केला. माझ्या पाठवणीच्या वेळी पप्पा रडले नव्हते, कॅटररशी भांडत होते. पण नाव कमी करण्याच्या अर्जावर सही करताना ते वार्डाच्या ऑफिसातल्या बाकावर बसले आणि पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, “चार दिवसांनी केलं तर नाही चालणार का?” नाही चालणार, असं मी सांगितलं. तिथून नाव निघालं आणि इथे चढायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी सरकारदरबारी कुठेच नव्हते. विपुल फार चिडला. मला मात्र ते अगदी रास्त वाटलं. माझी नेमकी परिस्थिती पहिल्यांदाच कोणाच्या तरी लक्षात आली होती.

पाचव्या दिवशी मी आणि चिनू, दोघी राइट टाऊनच्या झालो. सचिन भैयांनी कीबोर्ड पुढे ओढला, बोटं मोडली आणि विचारलं, “हाँ, अब बताइए, कौन सा फॉर्म भरना है?”

मी म्हटलं, सांगते घरून विचारून, आणि चिनूला घेऊन निघून आले.

त्याच संध्याकाळी आईंनी जाहीर केलं की चिनूला सातवा महिना लागला आहे, मुलीचं उष्टावण विषम महिन्यातच करायचं असतं, येत्या रविवारी करून टाकू. मामा खीर भरवेल, घरची आठ माणसं, बस. आणि जाता जाता म्हणाल्या, की वस्तूही मांडू.

हे वस्तू मांडणं आमच्याकडे असतं. पहिला घास भरवून झाला की बाळाला खाली सोडायचं आणि समोर वस्तू ठेवायच्या. पुस्तक, हत्यार, कापड, धान्य, असं काहीबाही. बाळ ज्याला पहिला हात लावेल त्यात त्याचं पुढचं आयुष्य. विपुलनं म्हणे पातेलं धरलं होतं आणि तो रेल्वेत गेला, तेव्हा या परीक्षेचा निकाल किती खरा ते दिसतंच आहे. पण रविवार म्हणजे सोमवारच्या आदला दिवस. माझ्या डोक्यात काय आलं असेल ते कोणत्याही काळजीनं पोखरलेल्या माणसाला समजेल.

मी ठरवलं की आईंच्या पुस्तक, कापड, धान्याबरोबर तीन वस्तू मी माझ्या ठेवीन. खडू म्हणजे बी.एड. विपुलच्या ऑफिसातला तारखेचा जुना शिक्का म्हणजे बँक. आणि एक छोटी काचेची बाटली, नर्मदेच्या पाण्यानं भरलेली. या तिघांतल्या ज्याला चिनू आधी हात लावेल, ते सोमवारी करायचं. कोणाला सांगायचं नाही. एवढी शिकलेली बाई सात महिन्यांच्या मुलीला करिअर विचारते आहे हे बाहेर कळलं असतं तर पाटीवरची पदवी खरडून काढावी लागली असती. पण मी तुम्हाला खरं सांगते, चिनू माझ्याहून जास्त ठाम आहे. तिला नको असलेला औषधाचा चमचा जगात कोणी तिच्या तोंडात घालू शकत नाही.

खडू बघून आई खूश झाल्या. बाटली बघूनही खूश झाल्या. “नर्मदाजल ठेवलं, चांगलं केलं,” म्हणाल्या. मी मान खाली घातली.

इथपर्यंत सगळं आठ माणसांत होतं. मग बेबीताईंना कळलं.

बेबीताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि घरातच पार्लर चालवतात. मूळच्या वर्ध्याच्या. त्या गेले सहा महिने मला पार्लरचा कोर्स कर म्हणून सांगत होत्या, कारण शिकलेल्या मुलीनं भुवया कोरल्या तर बायकांचा विश्वास बसतो. त्या खाली आल्या, मांडलेल्या वस्तूंकडे पाहिलं आणि विचारलं, “धाग्याचं रीळ काहून नाही ठेवलं?” आणि ठेवून गेल्या. जाताना त्यांनी जिन्यात शेजारच्या पटेरिया आंटींना सांगितलं. पटेरिया आंटींचा मुलगा भोपाळला डॉक्टर आहे. त्या “नर्मदे हर” म्हणत आत आल्या आणि त्याचा पहिल्या वर्षाचा स्टेथोस्कोप ठेवून गेल्या, आणि मला हळूच विचारून गेल्या, की बेटा, तुमने कुछ सोचा? शनिवारी दुपारपर्यंत दिवाणखान्यात कॅल्क्युलेटर, बॅडमिंटनची रॅकेट, तबल्याची हातोडी, वकिलाचा पांढरा बँड आणि एका काकूंनी आणलेली गव्हाची लोंबी जमा झाली. ज्यानं वस्तू दिली तो ती जिंकते का ते बघायला येणारच. आठाचे चाळीस झाले. खिरीचं पातेलं बदललं, मग पातेल्याच्या जागी लग्नातलं मोठं भगोणं आलं.

आणि बाबांनी सूत्रं हातात घेतली.

बाबा म्हणजे माझे सासरे. ते इथल्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू बरोबर नाही हे सांगणं त्यांचा व्यवसाय होता, आणि निवृत्तीनंतर ते हा व्यवसाय घरी चालवतात. त्यांनी जमलेल्या वस्तू पाहिल्या आणि सांगितलं की ही पद्धत पक्षपाती आहे. जी वस्तू जवळ तिलाच मुलगी हात लावणार. म्हणून त्यांनी पांढरी चादर अंथरली, मध्ये बाळाची जागा ठरवली, दोरी आणि पेन्सिल घेऊन साडेचार फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढलं, त्यावर सारख्या अंतरावर चौदा फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीला नंबर दिला. चिनू तेव्हा रांगत नव्हती, पोटावर सरकायची, आणि सरकताना जरा उजवीकडे जायची. बाबांनी तिला संध्याकाळभर सरकवून बघितलं आणि त्या हिशोबानं तिची जागा तीन इंच डावीकडे घेतली. चौदावी वस्तू त्यांची स्वतःची होती, केसाएवढी जाडी मोजणारा मायक्रोमीटर. तो त्यांनी सगळ्यांत कडेला, अवघड जागी ठेवला, म्हणजे कोणी बोलायला नको. खडूला सहा नंबर, बाटलीला सात आणि शिक्क्याला आठ मिळालेले मी पाहिले. अगदी मधोमध.

रविवारी माझा भाऊ आलोक सकाळीच आला. साडेदहाला त्यानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवून चिनूच्या ओठांना लावली. चिनूनं जीभ बाहेर काढली, विचार केला, आणि आलोकचं बोट अंगठीसकट धरून ठेवलं. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला एकदम भरून आलं. आत्तापर्यंत ती फक्त माझ्यावर जगली होती आणि आता तिला कोणाच्याही हातचं चालणार होतं. ही फार मोठी गोष्ट होती, पण तिच्याकडे नीट बघायला मला वेळच नव्हता. माझं सगळं लक्ष सहा, सात आणि आठवर होतं.

बाबांनी चिनूला तिच्या जागी पालथं ठेवलं. मला त्यांनी अर्धवर्तुळाच्या पलीकडे बसवलं, आईला बघून बाळ पुढे येतं म्हणून. मी साडीचा काठ पसरून, मांडी घालून बसले. विपुल मोबाइल घेऊन शूटिंगला उभा. आई माझ्या मागे. बाबांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं, कोणीही वस्तू हलवू नये, आवाज करून दाखवू नये, असं बजावलं आणि परीक्षा सुरू झाली.

पहिल्यांदा चिनू हललीच नाही. तिनं डोकं वर करून चाळीस माणसं बघितली. मग मला बघितलं आणि हसली. एकच दात आहे तिला, खालचा. तो दिसला. आणि ती निघाली.

पोटावर, कोपरं टेकत, खिरीचे हात चादरीला पुसत ती सरळ समोर येऊ लागली. मायक्रोमीटर मागे पडला, रॅकेट मागे पडली. पटेरिया आंटींनी श्वास रोखून धरलेला मला ऐकू येत होता. हातभर अंतर राहिलं तेव्हा ती थांबली. तिनं शिक्क्याकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. मग मान वळवली आणि तिची नजर खडूवर बसली. पांढरा, कोरा, तिच्या बोटाएवढा खडू. तिनं उजवा हात उचलला, पाचही बोटं पसरली.

मी काय विचार केला ते मला विचारू नका. काही विचार केलाच नाही. मला फक्त दुपारचे दोन वाजलेले दिसले, पुढची तीस वर्षं रोज दोन वाजलेले दिसले, आणि साडीच्या काठाखालून माझ्या पायाचा अंगठा बाहेर आला.

खडू गोल असतो. बाजूनं लागलेल्या एवढ्याशा धक्क्यानं तो घरंगळत रेषेबाहेर गेला.

चिनूचा हात रिकाम्या चादरीवर पडला. तिनं चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं. आता मी तिला उचलून घ्यावं की नाही यावर चाळीस माणसांत दोन पक्ष पडले. तेवढ्यात चिनू रडता रडता कुशीवर वळली आणि बाबांनी शेजारी ठेवलेल्या स्टीलच्या टेपचं टोक तिच्या हातात आलं. ते तिनं तोंडात घातलं आणि गप्प झाली.

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलेला माणूस आणि नातीच्या तोंडात मोजायची टेप. क्षणभर त्यांचे डोळे भरून आले. पण ते बाबा होते. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की टेप यादीत नाही, त्यामुळे निर्णय देण्यापूर्वी सगळ्या वस्तू आपापल्या जागी होत्या का हे तपासावं लागेल. आणि चिनूच्या मुठीतलं टोक तसंच ठेवून त्यांनी दुसऱ्या टोकानं मोजायला सुरुवात केली.

एक ते पाच बरोबर होत्या. सहाव्या फुलीपाशी ते वाकले, मग गुडघ्यावर बसले.

“खडू,” ते म्हणाले, “नऊ इंच बाहेर.”

बेबीताईंनी विपुलला शूटिंग मागे नेऊन दाखवायला सांगितलं. चार डोकी मोबाइलवर वाकली, मग आठ, मग मोबाइल फिरत फिरत सोफ्यापर्यंत गेला. त्यात माझा अंगठा अगदी स्पष्ट दिसत होता. नेलपॉलिश लावलेलं होतं, तेही बेबीताईंनीच आदल्या दिवशी लावलेलं, त्यामुळे ओळख पटायला अडचण आली नाही. “हा माझाच रंग आहे,” असं त्या म्हणाल्यासुद्धा.

“पेपर फुटला,” कोणीतरी मागून म्हणालं. आमच्याकडे परीक्षेच्या बाबतीत लोकांना हे शब्द पटकन सुचतात.

पण बाबांचं मोजणं संपलं नव्हतं. त्यांनी सातव्या फुलीवर टेप धरली, डोळे बारीक केले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा धरली. मग माझ्याकडे बघून, ज्या आवाजात त्यांनी फॅक्टरीत कितीतरी लोकांचे रविवार खराब केले असतील त्या आवाजात म्हणाले, “बाटली चार इंच आत आहे.”

मी म्हटलं की बाटलीला मी हात लावला नाही. मी चिनूची शपथ घेणार होते. विपुलनं शूटिंग सुरुवातीपासून लावलं. चिनू हसली, तिचा दात दिसला, तिथे सगळे माझ्या मुलीकडे बघत होते आणि माझा डावा हात, माझ्या नकळत, अगदी सावकाश पुढे आला आणि बाटली आमच्या बाजूनं तिच्याकडे सरकवून परत मांडीवर येऊन बसला. एखाद्या सभ्य बाईच्या हातासारखा. मी ते तीनदा पाहिलं. मला आजही आठवत नाही की मी ते केलं.

“संपदा,” बाबांनी विचारलं, “ही परीक्षा कोणाची होती?”

चाळीस माणसं होती. पप्पा होते, आलोक होता. मला वाटलं की आता जी थाप मारायची ती चांगली मारली पाहिजे. पण थाप सुचलीच नाही. मी सांगून टाकलं. खडू म्हणजे काय, शिक्का म्हणजे काय, बाटली म्हणजे काय. उद्या सोमवार आहे आणि मला काहीच कळत नाही, आणि घरात प्रत्येकानं एवढं चांगलं वागायचं ठरवलं आहे की नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही, हेही सांगितलं. बोलता बोलता रडू आलं ते वेगळंच.

सगळ्यांनी मग आईंकडे पाहिलं. तीस वर्षं शिकवलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत तिच्या सुनेनं खडूला लाथ मारली होती, साध्या शब्दांत सांगायचं तर हेच झालं होतं. आई पुढे आल्या. वाकताना गुडघ्यांना हात लावला, चादरीच्या कडेला पडलेला खडू उचलला, आणि माझ्याकडे न बघता फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली.

“बी.एड. नव्हतं करायचं तर तोंडानं सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “पायानं काहून सांगितलं?”

पटेरिया आंटी मध्ये पडल्या आणि खीर थंडी हो रही है, असं म्हणाल्या. परीक्षा रद्द झाल्याचं बाबांनी जाहीर केलं. नवीन तारीख कळवू म्हणाले, तीही आमच्याकडच्या सवयीप्रमाणे कळवणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक जेवले. बेबीताई निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, की पोरी, तुझ्या हाताला धागा नाही जमणार, तुझा हात चोर आहे.

संध्याकाळी आई स्वयंपाकघराकडे फिरकल्या नाहीत. रागावल्या होत्या असं नाही. त्या ट्रंकेतली जुनी वर्गाची छायाचित्रं काढून बसल्या होत्या आणि चिनूला एकेक दाखवत होत्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. “ही पाहा, ही आता अमेरिकेत आहे. हा फार ओरडायचा.” मग थोड्या वेळानं, “मला ना चिनू, खरंच आवडायचं. सगळ्यांनाच आवडते असं वाटलं मला.” चिनूनं छायाचित्राचा कोपरा खाल्ला. मी उठून तिथे जायला हवं होतं. गेले नाही. तोंड धुतलं आणि चिनूच्या लंगोटांच्या घड्या घालत बसले.

सोमवारी पावणेदहाला मी सरांना फोन लावला. लावायच्या आधी दोनदा कापला. त्यांनी उचलल्यावर मी नाव सांगितलं, भावनाची मैत्रीण म्हणून सांगितलं. ते घाईत होते. त्यांनी विचारलं, “मैडम, पक्का ना? लोग दो महीने में छोड़ जाते हैं।”

आजवर मी कोणालाच कशाबद्दल पक्कं असं सांगितलेलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा मी ‘बघू’ म्हणाले होते आणि घरच्यांनी तो होकार धरला. अकरा महिन्यांनंतर काय, हे मला कालच्याइतकंच आजही माहीत नव्हतं. त्यानंतर दारावर कोण येईल आणि काय विचारेल, तेवढं माहीत होतं.

“ग्यारह महीने पक्का,” मी म्हटलं. “उसके आगे का नहीं मालूम, सर।”

ते हसले. कल सुबह छह बजे, तिलवारा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. काळजी होती तेवढीच राहिली. फक्त आता तिला वेळ आणि ठिकाण मिळालं होतं.

वळून बघते तर आई दारात उभ्या, कडेवर चिनू. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. चिनू त्यांच्या चष्म्याची दांडी ओढत होती आणि त्या ओढू देत होत्या.

“घाटाच्या पायऱ्यांवर चिकचिक असते सकाळी,” त्या म्हणाल्या. “चप्पल घालून नको जाऊ. बूट आहेत का तुझ्याजवळ?”

नाहीत, असं मी सांगितलं.

“मग चल, आत्ताच आणू,” त्या म्हणाल्या आणि चिनूला माझ्याकडे न देता चप्पल शोधायला लागल्या. “मीही घेते एक जोडी. हिला घेऊन मला एक दिवस तिथे यावंच लागेल. त्या शेवाळात एवढं काय आहे ते मला एकदा पाहू दे.”